अर्ध्या शटरमागची दुपार

पुण्याच्या पेठांमध्ये दुपारी एक वाजून गेला की एकामागून एक दुकानांची शटरे खाली येऊ लागतात आणि चार वाजेपर्यंत सकाळी माणसांनी फुललेले रस्ते निवांत होतात. तुळशीबागेपासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या या लोकरीच्या दुकानाचे शटरही त्याच वेळी खाली येते. मात्र दर गुरुवारी ते जमिनीला टेकत नाही, अर्ध्यावरच थांबते. मग त्याखालून वाकून, खांद्यावरच्या कापडी पिशव्या सावरत, एकेक जण आत येते. सतरंजी अंथरली जाते, आजींसाठी स्टूल पुढे ओढले जाते, पिशव्यांतून सुया आणि लोकरीचे गुंडे बाहेर येतात, आणि पुढचे तीन तास या दुकानात विक्री होत नाही, फक्त विणकाम होते.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आहेत आणि त्यांवर रंगांच्या क्रमाने लोकर रचलेली आहे. दसरा झाला की ती भराभर खाली उतरू लागते, संक्रांतीनंतर मागणी ओसरते आणि उन्हाळ्यात तिची जागा सुती दोरा घेतो. आपण सवयीने जिला लोकर म्हणतो, तिच्यातली बरीचशी मेंढीच्या अंगावरची नसून अ‍ॅक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून रसायनांच्या प्रक्रियेने तयार केलेला धागा असते, आणि ती प्रामुख्याने लुधियानाहून येते. महाराष्ट्रातही मेंढ्या आहेत, धनगरांचे कळप आजही दख्खनचे पठार तुडवत फिरतात. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असल्यामुळे तिची घोंगडी होते, तान्ह्या बाळाचे टोपडे होत नाही. मऊ अस्सल लोकरीसाठी आपल्या गिरण्यांना ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांवर अवलंबून राहावे लागते, आणि म्हणून ती महाग पडते.

गल्ल्यावर बसणाऱ्या मालकीणबाईंना सगळ्या जणी वहिनी म्हणतात. सासऱ्यांनी सुरू केलेले हे दुकान त्या गेली अनेक वर्षे सांभाळत आहेत. त्यांच्याकडे नवी आजी नातवासाठी लोकर घ्यायला आली, की रंगाच्या आधी त्या एकच गोष्ट विचारतात : बाळाला शेक-शेगडी देणार आहात का? आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला अजूनही अनेक घरांत धुरी दिली जाते, निखाऱ्यांची शेगडी खाटेजवळ ठेवली जाते, आणि अ‍ॅक्रिलिकचा धागा आचेजवळ गेला तर वितळून त्वचेला चिकटू शकतो. अशा घराला वहिनी सुती दोरा घ्यायला लावतात. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपे, कसर न लागणारे आणि स्वस्त असते हेही त्या सांगतात. त्यावर गरम इस्त्री फिरवली तर वीण कायमची मरते, हेही सांगायला विसरत नाहीत. माल विकणाऱ्याने मालाचा दोष आधी सांगावा, ही गोष्ट मला या दुकानात पहिल्याच दिवशी दिसली आणि त्यानंतर मी इथे वारंवार येत राहिले.

गल्ल्यामागच्या सर्वांत खालच्या फळीवर कागदी पिशव्यांची रांग आहे. प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीने एक आडनाव आणि एक संख्या लिहिलेली आहे. ती संख्या म्हणजे लोकरीच्या लॉटचा नंबर. एकाच छटेची लोकर दोन वेगवेगळ्या वेळी रंगवली, तर दोन्हींत सूक्ष्म फरक राहतो. दुकानातल्या दिव्याखाली तो दिसत नाही, पण स्वेटर पूर्ण होऊन उन्हात गेला की पाठीवर आडवी रेघ स्पष्ट उमटते. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम लोकर लागते आणि ती एकदम विकत घेणे प्रत्येकीला परवडत नाही. म्हणून वहिनी पूर्ण स्वेटरची लोकर एकाच लॉटमधून काढून पिशवीत बाजूला ठेवतात, आणि गिऱ्हाईक जसजसे विणेल तसतसे एकेक गुंडा घेऊन जाते, त्याचेच पैसे देते. काही पिशव्या हिवाळा उलटला तरी तिथेच असतात. त्यांतला माल दुसऱ्या कोणाला दिला जात नाही.

गुरुवारच्या बैठकीत वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या आजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा देशभर घरोघरी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले जात होते, आणि शाळकरी वयाच्या या आजी त्या वेळी आईच्या शेजारी बसून पहिल्यांदा सुया हातात धरायला शिकल्या. आईने त्यांना स्वेटरची फक्त खालची बॉर्डर विणायला दिली होती, दोन सुलट दोन उलट. ती चुकली, आईने ती उसवली आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिली. आज आजींच्या समोर सतरंजीवर बसलेली विशीतली मुलगी नेमकी त्याच ठिकाणी अडली आहे, आणि आजी तिला नेमके तेच करायला सांगत आहेत.

आता आपण ज्या हातांकडे पाहत आहोत, ते आजींचे आहेत. मुलीच्या विणीतला एक टाका आठ-दहा ओळी खाली निसटला आहे आणि त्याच्या वर, सुईपर्यंत, आडव्या धाग्यांची एक शिडी तयार झाली आहे. नवख्या माणसाला वाटते की आता सगळेच गेले. आजी सुया बाजूला ठेवतात, क्रोशाची बारीक सुई घेतात, तळाशी लोंबणाऱ्या टाक्यात ती घालतात आणि शिडीची पहिली पायरी त्यातून ओढून घेतात. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी धागा समोरून येतो आहे की मागून, हे बोटाने चाचपून पाहावे लागते, कारण समोरून घेतला तर उलट टाका पडतो. मिनिटभरात टाका वर येऊन पुन्हा सुईवर बसतो. मग आजी तोच टाका मुद्दाम खाली सोडतात, पुन्हा शिडी होऊ देतात आणि सुई मुलीच्या हातात देतात.

या मुलीची गोष्ट इथे सांगायला हवी. ती मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून विणायला शिकली, आणि चांगली शिकली. भावासाठी तिने एक अमेरिकी नमुना निवडला, त्यात सांगितल्याप्रमाणे आठ नंबरच्या सुया घेतल्या, टाके अचूक मोजले आणि दीड महिना खपून पाठ आणि पोट विणून काढले. नव्वद सेंटीमीटर भरायला हवी होती ती छाती चौऱ्याहत्तर सेंटीमीटर भरली. ते दोन्ही भाग घेऊन ती दुकानात आली तेव्हा रडवेली झाली होती. वहिनींनी तिच्या सुया पाहिल्या आणि चूक तिची नाही, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आले. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात, ज्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते : आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची आणि दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत क्रम नेमका उलटा आहे, आणि तिथली आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते. एका मिलिमीटरच्या फरकाने प्रत्येक टाका थोडा थोडा लहान होत गेला आणि दीडशेहून अधिक टाक्यांत मिळून सोळा सेंटीमीटर कमी पडले.

त्या दिवसापासून दुकानाच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला आहे, ज्यावर आपला नंबर, अमेरिकी नंबर आणि मिलिमीटर शेजारी शेजारी लिहिले आहेत. मुलीने ते दोन्ही भाग उसवले. तीच लोकर आता योग्य सुयांवर चढली आहे आणि मुलगी दर गुरुवारी इथे येते. व्हिडिओत हात दिसतात, गतीही हवी तशी कमी करता येते. पण आपल्या हातातले काम पाहून नेमकी कोणत्या ओळीत चूक झाली हे सांगणारे डोळे त्यात नसतात. त्यासाठी दुसरे माणूस शेजारी बसावे लागते, आणि माझ्या मते या दुकानात लोकरीपेक्षाही मोलाचे असे जे काही मिळते ते हेच.

बैठकीचे पहिले सामुदायिक काम होते उरलेल्या लोकरीचे पांघरूण. प्रत्येक घरात डब्याच्या तळाशी अर्धे-पाव गुंडे साठलेले असतात. त्यांचे सहा इंची चौकोन विणायचे, असे ऐंशी चौकोन जोडून चार फूट बाय पाच फुटांचे पांघरूण करायचे आणि वृद्धाश्रमाला द्यायचे, असे ठरले. प्रेरणा चेन्नईची होती. तिथे ३१ जानेवारी २०१६ रोजी सुभाश्री नटराजन यांनी उभ्या केलेल्या मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या समूहाने क्रोशाने विणलेली असंख्य लहान पांघरुणे एकत्र जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे एकच पांघरूण केले आणि गिनीज विक्रम नोंदवला. नंतर ती पांघरुणे गरजूंना वाटली गेली. इथले काम त्यामानाने फारच लहान होते, तरीही ते पहिल्या फेरीत फसले. सगळ्यांनी एकाच नंबरच्या सुया घेतल्या, टाकेही तितकेच घातले, पण कोणाचा हात घट्ट तर कोणाचा सैल. त्यामुळे चौकोन साडेपाच इंचांपासून पावणेसात इंचांपर्यंत आले आणि जोडलेले पांघरूण एका बाजूला चोळामोळा होऊन बसले. दुसऱ्या वेळी लहान चौकोनांभोवती मुक्या खांबाच्या, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्याच्या, ओळी घालून त्यांना हवे त्या मापाला आणले, आणि जे मोठे होते ते उसवून कमी टाक्यांवर पुन्हा विणले. ते पांघरूण आपण आता पाहत आहोत. त्यात साबुदाण्याची वीण आहे, वेणी आहे, क्रोशाची फुले आहेत, आणि कोणता चौकोन कोणाचा हे बैठकीतली प्रत्येक बाई दुरूनही सांगू शकते.

दुसरे काम अधिक नाजूक आहे आणि त्याबद्दल या बैठकीत हळू आवाजात, पण मोकळेपणाने बोलले जाते. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत ज्यांचा स्तन काढावा लागतो, त्यांना ब्लाउजच्या आत ठेवण्यासाठी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण तो जड आणि महाग असतो आणि आपल्या उन्हाळ्यात घामाने नकोसा होतो. त्याला पर्याय म्हणून मऊ सुती दोऱ्याचा विणलेला, आत हलका कृत्रिम कापूस भरलेला स्तन तयार करता येतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील बार्बरा डेमोरेस्ट यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर २०११ साली निटेड नॉकर्स या नावाने हे काम सुरू केले. स्वयंसेविकांनी विणायचे आणि गरज असलेल्या स्त्रीला ते विनामूल्य द्यायचे, ही त्याची पद्धत आहे, आणि ती पुढे भारतातही आली. बैठकीतल्या एका काकूंनी ही वीण सगळ्यांना शिकवली. त्यांनी ती आधी स्वतःसाठी विणली होती. त्या विणताना टाके इतके घट्ट आणि जवळजवळ घेतात, की आतला कापूस कुठूनही बाहेर डोकावत नाही. मागच्या बाजूला एक बारीकशी जागा मात्र मोकळी ठेवतात, म्हणजे घालणारीला हवा तेवढा कापूस काढता किंवा भरता येतो. पूर्ण झालेला प्रत्येक नग त्या आपल्या गालाला लावून पाहतात. कुठे गाठ टोचली, तर तो परत सुयांवर जातो.

या गुरुवारी मात्र सगळ्यांच्या हातात टोपडी आहेत. शहरातल्या एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागासाठी गेल्या महिन्यात टोपडी पाठवली होती. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी फार कमी असते आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे त्याची बरीच ऊब डोक्यावाटे निघून जाते. म्हणून त्याला आईच्या छातीशी धरतानाही डोक्यावर टोपडे घालतात. सूचना काटेकोर होत्या : दोरा सुती आणि धुता येण्याजोगा हवा, गोंडा नको, बटण नको, नाडी नको, आतल्या बाजूला गाठ नको. बैठकीने त्या सगळ्या पाळल्या. दहा नंबरच्या सुयांवर बहात्तर टाके घातले, दोन सुलट दोन उलट अशी ताणली जाणारी बॉर्डर केली आणि टोपडी पाठवून दिली.

त्यांतली चौदा काल परत आली. सोबत तिथल्या परिचारिकेने लिहिलेली चिठ्ठी होती, की विणकाम फार सुरेख आहे, पण बाळांच्या डोळ्यांवर टोपडी उतरतात. बहात्तर टाक्यांचे टोपडे पूर्ण दिवसांच्या, चौतीस-पस्तीस सेंटीमीटर घेराच्या डोक्याचे असते. या विभागातल्या कित्येक बाळांच्या डोक्याचा घेर सव्वीस-सत्तावीस सेंटीमीटरच असतो. आजींनी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. आपल्या आठवणीतले माप आपण वापरले, बाळाचे माप विचारले नाही, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनीच पहिले टोपडे उसवायला घेतले.

शेंड्याची गाठ कात्रीच्या टोकाने सोडवली की दोरा सरसर निघतो. सुरुवातीला एकेक टाका सुटतो, मग अख्खी ओळ, आणि पाहता पाहता टोपडे मांडीवरच नाहीसे होते. निघालेला दोरा विणीच्या वळणाने कुरळा झालेला असतो. तसाच पुन्हा विणला तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून विशीतली ती मुलगी दोन्ही हात पुढे करून बसली आहे आणि वहिनी तिच्या हातांभोवती दोरा गुंडाळून त्याची लडी करत आहेत. लडीला चार ठिकाणी सैल बांधून ती कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, नुसती दाबून पाणी काढायचे आणि खुंटीला टांगून खाली थोडे वजन अडकवायचे. उद्यापर्यंत दोरा सरळ होईल.

भिंतीवरच्या कागदाखाली आता नवी ओळ लिहिली गेली आहे : दहा नंबर, सुती, छप्पन्न टाके. चार वाजत आले आहेत. खुंट्यांवर चौदा पांढऱ्या लड्या निथळत आहेत आणि त्यांच्या खाली वहिनींनी रद्दी अंथरली आहे. बाहेर कोणीतरी वाकून, दुकान उघडले का, असे विचारते. आजींच्या सुयांवर नव्या टोपड्याचा अठ्ठाविसावा टाका चढतो, आणि वहिनी उठून शटर वर करतात.