हाडांची रिक्षा, वाघोबा आणि भायखळ्याचे पेंग्विन

नमस्कार, श्रोतेहो.

माणूस नेमका कुठं संपतो आणि बाकीची सृष्टी कुठं सुरू होते, हा प्रश्न सध्या बऱ्याच कलावंतांना छळतोय. त्यातून जी कला निर्माण होते तिला ‘मानवोत्तर’ असं जड नाव पडलंय. नावाला घाबरू नका.

मुंबईचे कलावंत जितीश कल्लाट यांनी २००७ साली एक रिक्षा केली. आपली नेहमीचीच, तीन चाकी, जवळपास खऱ्या मापाची. पण सगळी हाडांची, म्हणजे रेझिनमधून घडवलेल्या हाडांची. समोर उभं राहिलं की वाटतं, हा डायनोसॉरचा सांगाडा. पुढं त्यांनी पाण्याच्या टँकरचाही असाच सांगाडा केला. या रिक्षात ना चालक आहे, ना प्रवासी. हजारो वर्षांनी कुणी अंधेरी-कुर्ल्याची जमीन उकरली, तर त्याला वाटेल की इथं या तीन चाकी जनावराचं राज्य होतं आणि त्याच्या पोटात बसून कुठलासा लहान जीव फिरायचा. तसं पाहिलं तर फार चुकणारही नाही तो!

या वाटेवरचं सगळंच काम मला आवडतं असं नाही. एदुआर्दो काक या ब्राझिलियन कलावंतानं २००० साली अल्बा नावाची ससुली जगापुढं आणली. तिच्यात जेलीफिशचं जनुक घातलेलं. निळ्या प्रकाशात ती हिरवी चमकायची म्हणे. तिला घरी न्यायचं त्याच्या मनात होतं, पण फ्रान्समधल्या प्रयोगशाळेनं दिली नाही. चर्चा जगभर झाली, ससुली राहिली पिंजऱ्यात.

याउलट ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिशिया पिचिनिनीचं २००२ सालचं शिल्प घ्या. अर्धी डुकरीण, अर्धी बाई अशी एक आई आडवी झालीय, पिल्लं अंगाला लुचतायत. आधी शिसारी येते. मग तिचे दमलेले डोळे दिसतात आणि आपण ओशाळतो. माणसाला अवयव पुरवण्यासाठी असे जीव वाढवले, तर त्यांचं आपण काय लागतो? प्रश्न हवेतला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं. तो दोनेक महिने जगला.

हे नातं आपल्याकडच्या वारल्यांनी केव्हाच जोडलंय. बोरिवलीचं जंगल, आरेचे पाडे इथं वाघोबाला पूजतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य. त्याचा मान त्याला द्यायचा, त्यानं आपली गुरं-माणसं सांभाळायची, असा हा करार. बिबट्या तरीही हल्ले करतो, माणसं गेलीही आहेत. पण म्हणून देव बदलत नाहीत.

आणि आपण शहरी माणसं? भायखळ्याला राणीच्या बागेत २०१६ पासून पेंग्विन आहेत. मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी, आता काचेआड. हवा थंड करायला यंत्र, पाणी गाळायला यंत्र, खायला मासे, दिमतीला डॉक्टर. पक्षी, यंत्र आणि माणूस यांचं असं गुंतलेलं बिऱ्हाड मी कुठल्याच गॅलरीत पाहिलेलं नाही. एखाद्या कलावंतानं हे मांडलं असतं, तर आपण म्हणालो असतो, ‘काहीतरीच खूळ!’ महापालिकेनं केलं, म्हणून रविवारी तिकिटाला रांग.