सिम्युलेशनमध्ये सांध्याला टॉर्क देताना

रोबोट पडद्यावर गरगर फिरत उडून गेला, की पहिला संशय इंजिनावर, म्हणजे हालचालीचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो. माझं म्हणणं असं, की आधी आपला टॉर्क (फिरवणारा जोर) तपासा. तो कोणाकोणाला दिला, किती वेळ टिकला आणि किती जडत्वावर पडला, या तीन प्रश्नांत बहुतेक गडबडी सापडतात.

सांध्यावरचा टॉर्क नेहमी जोडीने येतो. खांद्यातली मोटर दंडाला जेवढा टॉर्क देते, तेवढाच उलट दिशेने धडाला देते. ओपन डायनॅमिक्स इंजिन या सॉफ्टवेअरमध्ये बिजागरीच्या सांध्यावर टॉर्क टाकणारं फंक्शन ही जोडी स्वतःच लावतं. थेट बॉडीवर (सांध्याने जोडलेल्या एकेका भागावर) टॉर्क टाकणार असाल, तर मात्र हे काम तुमचं: सांध्याचा अक्ष दर स्टेपला (गणनेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला) जागतिक निर्देशांकांत बदलून घ्या, एका बॉडीवर अधिक आणि दुसरीवर उणे टॉर्क द्या. उणे विसरलात, तर रोबोटला शून्यातून कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) मिळत राहतो. पाया जमिनीला पक्का असेल तर ही चूक दिसतच नाही, कारण तो उलटा टॉर्क जमीन गिळते. चालणाऱ्या रोबोटमध्ये ती लगेच उघडी पडते.

याची चाचणी सोपी आहे आणि ती प्रत्येकाने करावीच. गुरुत्व शून्य करा, डॅम्पिंग, म्हणजे वेग कमी करणारा अवरोध, शून्य करा (पायबुलेट या इंजिनात ते मुळात ०.०४ असतं), दोन बॉडी एका सांध्याने जोडून मोकळ्या सोडा आणि टॉर्क द्या. सामायिक वस्तुमानकेंद्राभोवतीचा एकूण कोनीय संवेग दर स्टेपला छापा; त्यात प्रत्येक बॉडीचं स्वतःभोवती फिरणं आणि केंद्राभोवती फिरणं, दोन्ही धरा. आकडा शून्याजवळच राहिला पाहिजे. सतत एकाच दिशेने चढत गेला, तर जोडी अपुरी आहे किंवा अक्ष चुकीच्या चौकटीत आहे.

आता वेळेचं. दिलेला टॉर्क साधारणपणे एकाच स्टेपपुरता असतो, नंतर इंजिन तो पुसून टाकतं. पायबुलेटचा मूळ टाइमस्टेप (एका स्टेपचा काळ) १/२४० सेकंद आहे. चित्र सेकंदाला ६० वेळा काढत असाल आणि टॉर्क चित्रागणिक एकदाच देत असाल, तर चारपैकी तीन स्टेप कोऱ्या जातात आणि परिणाम सरासरी चौथाईवर येतो. शिवाय पायबुलेट प्रत्येक सांध्यावर मुळातच एक वेग-मोटर लावून ठेवतं. वेग-नियंत्रणात कमाल बल शून्य देऊन ती आधी बंद करा. नाहीतर सांधा जाम झाल्यासारखा वाटतो, आणि माणूस टॉर्क वाढवत बसतो.

तिसरा प्रश्न जडत्वाचा, आणि खरी मेख इथेच आहे. ०.५ किलो वजनाचा, ०.३ मीटर लांबीचा एकसारखा दांडा घ्या. टोकाभोवती त्याचं जडत्व आघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) ०.०१५ किलो-मीटर वर्ग. आडवा धरला तर गुरुत्वाचा टॉर्क सुमारे ०.७४ न्यूटन-मीटर, म्हणजे १ न्यूटन-मीटर दिला तर उचलायला जेमतेम ०.२६ उरतो. आता वेगाच्या उलट डॅम्पिंगचा टॉर्क स्वतः मोजून लावू. डॅम्पिंगचा गुणांक 'जडत्व आघूर्ण भागिले टाइमस्टेप' याच्या पुढे गेला, की एकाच स्टेपमध्ये वेगाची दिशा उलटते. दुप्पट ओलांडली, की दर स्टेपला वेग वाढतच जातो. या दांड्यासाठी ते आकडे ३.६ आणि ७.२. पण २० ग्रॅमचा, ४ सेंटीमीटरचा बोटाचा दुवा घेतला, तर स्फोटाची, म्हणजे वेग वाढतच जाण्याची मर्यादा ०.००५ इतकी खाली येते! खांद्याचे गेन (नियंत्रणाचे गुणांक) जसेच्या तसे बोटांना लावले की हात थरथरतो आणि मग फुटतो, तो यामुळे. स्थितीचा गेनही (ठरलेल्या कोनाकडे ओढणारा गुणांक) असाच बांधलेला असतो, फक्त तिथे टाइमस्टेपचा वर्ग येतो. त्यामुळे टाइमस्टेप निम्मा केला की त्याला चौपट जागा मिळते. दोन्ही गेन एकत्र असले तर दोघांची मर्यादा आणखी आवळते.

उपाय दोन. डॅम्पिंग स्वतः मोजण्याऐवजी इंजिनाच्या हवाली करा. कमाल टॉर्क ठरवून दिलेली अंगभूत मोटर सॉल्व्हर (इंजिनातला समीकरणं सोडवणारा भाग) बंधन म्हणून सोडवतो, आणि ती भारी गेनवरही शांत राहते. दुसरा उपाय मला जास्त पटतो, कारण तो वास्तवाला धरून आहे: गिअरमागच्या रोटरचं (मोटरच्या फिरत्या भागाचं) जडत्व मॉडेलमध्ये घाला. सांध्यावर ते गिअर गुणोत्तराच्या वर्गाने दिसतं. रोटर ०.००००२ किलो-मीटर वर्ग आणि गिअर ५० धरला, तर सांध्यावर ०.०५, म्हणजे वरच्या दांड्याच्या तिपटीहून जास्त. मुजोको या इंजिनात यासाठी सांध्याला 'आर्मेचर' नावाचा गुणधर्म आहे. तो भरला की बोटाचे सांधेही मोठा टाइमस्टेप सोसतात, आणि खऱ्या यंत्राचा जडपणा सिम्युलेशनमध्ये उतरतो. मात्र आकडा मोटरच्या माहितीपत्रकातून घ्या. थरथर थांबेपर्यंत वाढवत नेलेला आर्मेचर सिम्युलेशन गुळगुळीत करतो, पण त्यावर बसवलेले गेन खऱ्या हातावर चालत नाहीत.