खारं पाणी अन् दोन क्रेडिट

हा नोटीस बोर्ड बघा. काच कधीचीच फुटली, म्हणून कागद चार टाचण्यांवर अडकवलाय अन् वाऱ्यानं फडफडून राहिला. बीए सेमिस्टर वनचं टाइमटेबल आहे हे. मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, विषयांच्या गटांची ही छोटी नावं. नवीन पोरं आधी याचा फोटो काढतात, घरी जाऊन बापाला दाखवतात, अन् बाप विचारतो, "हे सगळं ठीक हाय, पण इतिहास कुठं हाय याच्यात?"

इतिहास आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय, अन् तो इथं इतिहास. पण ते समजायला जून-जुलै निघून जातो.

आपण आहोत अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात. कॉलेजचं नाव सांगत नाही. इथं फक्त आर्ट्स आहे. सायन्स नाही, कॉमर्स नाही, अन् दुपारची यष्टी चुकली की पुढची संध्याकाळी. हे यष्टीचं लक्षात ठेवा, पुढं कामात येईल.

आधीचं बीए कसं होतं ते इकडच्या कोणालाही विचारा, तोंडपाठ सांगतील. कम्पल्सरी मराठी, कम्पल्सरी इंग्रजी अन् तीन ऑप्शनल. पोरी बहुतेक होम इकॉनॉमिक्स घेणार, पोरं इतिहास-राज्यशास्त्र, कारण एमपीएससीला कामात येतं असं कोण्या मोठ्या भावानं सांगितलेलं. मधातच पर्यावरणाचा एक पेपर, तो सुप्रीम कोर्टानं सांगितलं म्हणून लागला, अन् त्याचा प्रोजेक्ट झेरॉक्सवाल्याकडं रेडिमेड मिळायचा. वरचं नाव तेवढं बदलायचं. मी पण तसाच दिला होता, खोटं कशाला बोलू.

मग 2020 मध्ये नवीन शैक्षणिक धोरण आलं, महाराष्ट्रानं 20 एप्रिल 2023 ला जीआर काढून क्रेडिटची, म्हणजे तासांवरून अभ्यास मोजायच्या मापाची, चौकट ठरवली अन् 2024-25 पासून विद्यापीठांशी संलग्न असलेल्या कॉलेजांत ते लागू झालं. एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री, चार केले तर ऑनर्स. पण खरी गोष्ट त्या ओईत आहे, ओपन इलेक्टिव्ह. नियम असा, की ते मेजरच्या फॅकल्टीतलं, म्हणजे शाखेतलं, घ्यायचंच नाही, दुसऱ्या फॅकल्टीतलं घ्यायचं. म्हणजे इतिहासवाल्यानं थोडं सायन्स शिकावं नाहीतर कॉमर्स शिकावं, नुसतं सनावळ्यांत अडकून राहू नये.

मला विचाराल तर कल्पना चांगलीच आहे. अन् नवीन बी नाही. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं 1949 च्या अहवालात हेच म्हटलं होतं, की कॉलेजातल्या प्रत्येकाला सर्वसाधारण शिक्षण पाहिजे, ज्याला आज जनरल एज्युकेशन म्हणतात. अन् त्याच्याही आधी, 1937 ला, आपल्याच विदर्भात वर्ध्याला गांधीजींनी परिषद भरवली तेव्हा हातानं काम करत शिकायचं ठरलं, नयी तालीम त्याच्यातूनच निघाली. ते शाळेसाठी होतं, मान्य. पण आज फील्ड प्रोजेक्ट अन् ऑन जॉब ट्रेनिंग म्हणून जे आलं ते ऐकून इथल्या एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांनी नुसतं हसून पान लावलं.

घोळ कुठं आहे, तर बास्केटमध्ये. बास्केट म्हणजे विषयांची टोपली, त्याच्यातून पाहिजे ते फळ उचला. अन् या कॉलेजच्या टोपलीत एकच फळ. सायन्सचा माणूसच नाही तर सायन्सचा ओई शिकवणार कोण? म्हणून तासिका तत्त्वावर एक कॉमर्सवाले सर लावले, ते आठवड्यातून दोनदा येतात अन् सगळ्या वर्गाची 'आवड' एकाच दिवशी बँकिंगकडं वळते. केंद्र सरकारच्या 'स्वयम' या वेबसाइटवरून ऑनलाइन कोर्स घ्या, त्याचे क्रेडिट धरता येतात, हे पण सांगतात. पण इथं रेंज पकडायला गच्चीवर जावं लागते अन् गच्चीच्या दाराला कुलूप.

स्टाफरूममध्ये वेगळीच चिंता. अभ्यासक्रम बदलला की तिथं पहिला शब्द निघतो वर्कलोड. कोणाचे तास कमी झाले, कोणाची पोस्ट धोक्यात, रिटायर झालेल्याच्या जागी कोणी येणार का. बाहेरच्याला ते स्वार्थी वाटते. पण विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत कोणता पेपर राहील अन् कोणता जाईल यामागं ही भीती बसलेलीच असते, अन् ती उगाच नाही.

अन् एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास. कागदावर हिशोब पक्का. सप्टेंबर संपता संपता सोयाबीनची सोंगणी लागली की अर्धा वर्ग शेतात, मग कापूस, मग हिवाळी परीक्षा डोक्यावर. ते 15 तास कुठून आणायचे, सांगा.

आता ही खिडकी बघा. बिसलेरीच्या, कोकच्या, औषधाच्या बाटल्या, सगळ्यांवर चिकटपट्टी अन् गावाचं नाव. हा भाग खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारं, बोअर मारला तरी खारंच लागते, प्यायचं पाणी धरणावरून पाइपनं येते. फील्ड प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा इथल्या इतिहासाच्या सरांनी पोरांना सांगितलं, झेरॉक्सवाल्याकडं जायचं नाही, आपापल्या गावातल्या जुन्या विहिरीचं पाणी आणा. सरांनी स्वतःच्या पैशानं एक टीडीएस मीटर मागवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा असते तो. पाण्यात बुडवला की आकडा येतो. लिटरमागं 500 मिलिग्रॅमपर्यंत प्यायला बरं, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचं, असं भारतीय मानक आहे. पहिल्याच बाटलीचा आकडा 2000 च्या वर गेला. बाटली आणणारी पोरगी म्हणाली, "सर, हे पाणी त आमची म्हैस बी पेत नाही."

मग सरांनी विचारलं, विहीर कोणी खोदली? कधी? आधी पीत होते का? ती घरी गेली, आजीला विचारलं, आजीनं शेजारच्या आजीला बोलावलं अन् वहीची चार पानं भरली. कोण्या दुष्काळात खोदली, कोणाला पाणी भरू देत होते, कोणाला नाही, नळ आल्यावर तिच्यात कचरा कसा पडायला लागला. ती यष्टीत ही बाटली मांडीवर घेऊन आली तर कंडक्टर म्हणे, "काय वं, गंगाजल हाय का?"

आता गंमत. फील्ड प्रोजेक्ट मेजर विषयाशी जोडलेला पाहिजे. इतिहासाच्या फाइलमध्ये पाण्याचा टीडीएस कसा चालेल? सायन्सचा ओई म्हणून दाखवावं तर सायन्सचं कोणी सही करायला नाही. म्हणून कव्हरवर लिहिलं 'आमच्या गावातील विहिरींचा इतिहास', अन् मीटरचे आकडे मागं परिशिष्टात टाकले. दोन क्रेडिट मिळाले.

त्या पोरीला पुढचं विचारलं, की यानंतर कोणता ओपन इलेक्टिव्ह घेशील. तिनं नोटीस बोर्डाकडं पाहिलं. नवीन कागद लागला होता. "बँकिंगच हाय ना सर, पार्ट टू," म्हणाली, अन् फाट्याकडं पळाली, कारण यष्टी लागली होती.