सात रात्रींची रेषा

पडद्यावरचा हा आलेख माझ्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाने बारा आठवड्यांत काढलेला आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे एका रात्रीतल्या हृदयाच्या ठोक्यांचा चढउतार, ज्यावरून घड्याळ ताणाचा अंदाज बांधते, आणि या ठिपक्यांमधून जाणारी जाड रेषा सात रात्रींच्या सरासरीची आहे. ठिपके रोज वरखाली होतात, रेषा सावकाश वळते, आणि हा माहितीपट त्या रेषेविषयी आहे.

मनावरचा ताण थेट मोजणारे यंत्र कोणत्याही घड्याळात नसते. घड्याळ उलटे केले की मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते, परत येणारा प्रकाश तेवढाच घटतो, आणि या लहरीवरून दोन ठोक्यांमधले अंतर काढले जाते. मिनिटाला साठ ठोके पडत असले, तरी प्रत्येक ठोका नेमक्या १००० मिलिसेकंदांनी पडत नाही. एक ९६० नंतर, पुढचा १०३५ नंतर, त्यापुढचा ९९० नंतर पडतो. श्वास घेताना हृदय किंचित जलद चालते आणि सोडताना मंदावते, हे कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ मध्येच नोंदवले होते. शरीर निवांत असताना व्हेगस नावाची चेता हृदयाला आवर घालते आणि हा चढउतार मोकळेपणाने दिसतो. शरीर कशाशी तरी झुंजू लागले की तो आवर ढिला पडतो, ठोके जलद आणि एकसारखे होतात. या चढउताराचे माप म्हणजे एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी), आणि ॲपमध्ये ‘ताण’ म्हणून दिसणारा आकडा बहुतेक वेळा याच मापावर उभा असतो.

दिवसा जिना चढला, चहा घेतला, हात हलला, तरी हे माप बिघडते, म्हणून झोपेतली नोंद अधिक विश्वासाची. एकट्या रात्रीवरही विसंबता येत नाही, कारण उशिरा जेवण, मद्य किंवा अंगात मुरत असलेला ताप त्या रात्रीचा आकडा सहज खाली आणतो. सात रात्रींत मात्र सोमवारही येतो आणि रविवारही, त्यामुळे आठवड्याची सरासरी आपल्या जगण्याच्या लयीला धरून असते. तिची तुलना स्वतःच्याच नेहमीच्या पातळीशी करायची असते. ही पातळी ठरवण्यासाठी गार्मिनची घड्याळे सुमारे तीन आठवड्यांच्या झोपेच्या नोंदी घेतात. मैत्रिणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. वयानुसार तो घटतो, आणि ॲपलच्या घड्याळातले गणिती सूत्र इतर अनेक उपकरणांतल्या सूत्राहून वेगळे आहे. ज्यांच्या हृदयाची लय अनियमित आहे किंवा जे ठोके मंदावणारी औषधे घेतात, त्यांनी या आकड्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नये.

आता चौथा, आठवा आणि बारावा आठवडा पाहा. तिन्ही ठिकाणी रेषा खाली वाकलेली आहे. पहिल्यांदा ती वाकली, तेव्हा मी कामाच्या धबडग्याला दोष दिला होता आणि एक दिवस रजाही घेतली होती. कारण साधे होते: पाळी येण्याआधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांची विश्रांतीतली हृदयगती थोडी वाढते आणि एचआरव्ही उतरतो. ही गोष्ट घड्याळाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असायला हवी, असे मला मनापासून वाटते, कारण ती ठाऊक नसलेली स्त्री दर महिन्याला स्वतःच्या शरीराचा चुकीचा अर्थ लावत राहते. तेव्हापासून मी चालू आठवड्याची तुलना आदल्या आठवड्याशी न करता चार आठवड्यांपूर्वीच्या आठवड्याशी करते.

त्या हिशेबाने सहावा आणि दहावा आठवडा शेजारी ठेवता येतात. माझ्या एचआरव्हीची नेहमीची सरासरी ३८ मिलिसेकंद आहे. या दोन्ही आठवड्यांत ती ३१ होती. रेषा सारखी, उतारही जवळजवळ सारखा. १९३६ मध्ये माँट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी मांडले होते की थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषध अशी कारणे निरनिराळी असली, तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच घडणीचा असतो. माझ्या मनगटानेही दोन आठवड्यांत भेद केला नाही. तो भेद उशाजवळच्या वहीत आहे, कारण रोज झोपण्यापूर्वी मी तिच्यात एकच ओळ लिहीत असे.

सहावा आठवडा गणेशोत्सवाच्या तोंडावरचा होता. संध्याकाळी नदीपात्रात पथकाचा सराव असे, ढोल कमरेला बांधून दोन तास उभे राहावे लागे आणि जेवायला साडेदहा वाजत. त्या आठवड्यातली बुधवारची ओळ अशी आहे: ‘टिपरू धरून तळहाताला फोड आला. आज सगळ्यांचा ठोका पहिल्यांदा एकत्र पडला.’ दहाव्या आठवड्यात आईची शस्त्रक्रिया झाली आणि सहा रात्री मी तिच्या खाटेशेजारच्या बाकावर झोपले. त्या आठवड्यातल्या बुधवारी लिहिले आहे: ‘सलाइन दोनदा बदलले. आईने आज कप स्वतःच्या हाताने धरला.’