सायकलवरचं पक्षीवर्ष

मंडळी, २००७-०८ साली कॅनडातल्या युकॉनमधलं एक त्रिकोणी कुटुंब, आई, वडील आणि मुलगा, वर्षभर सायकलवर पक्षी बघत थेट फ्लोरिडापर्यंत गेलं. पाचशेच्या वर जाती पाहिल्या, पक्षीसंवर्धनासाठी निधीही उभा केला. आपल्याकडे असं काही करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: किती जाती होतील? तो बाजूला ठेवा. सातारा-सांगलीत फिरणाऱ्या कुटुंबानं नव्या पक्ष्यामागं धावण्यापेक्षा त्याच रस्त्यानं वर्षात चारदा जावं. साळुंक्या, कोतवाल, टिटव्या घटल्या की नाही, हे एका फेरीत कधीच कळत नाही.

आखणी पावसाकडे बघून करायची, प्रत्येक भागाच्या चारही फेऱ्या त्याच्या-त्याच्या हंगामात. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. म्हणून जून ते सप्टेंबर कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असं पूर्वेला फिरायचं. माळावर तेव्हा चंडोल, लावे विणीला असतात, चातकही आलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मायणी आणि येरळवाडीचे तलाव: पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या हे हिवाळी पाणपक्षी. येरळवाडीला रोहित (फ्लेमिंगो) दिसतीलच असं धरून जाऊ नका. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. तलाव तुडुंब भरला की तसा काठच उरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाटण, कोयनानगर. या दिवसांत धनेशाची मादी ढोलीत कोंडून घेऊन बसलेली असते, नर फळं आणून भरवतो. ढोल दिसली तर तिथं रेंगाळायचं नाही आणि नोंदीत ती जागाही उघड करायची नाही. कोयना अभयारण्यात, चांदोलीत वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये. गव्यासमोर घंटी वाजवून उपयोग नसतो.

आता नोंद. चालत्या सायकलवरून मोजणी होत नाही. कानात वारा घुमतो आणि बारके आवाज निसटतात. दर दोन किलोमीटरला थांबायचं, सायकल स्टँडवर, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. एकानं बघायचं, एकानं ऐकायचं, मुलानं लिहायचं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना शेवटी विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? ‘हो’ म्हणायचं तर कावळासुद्धा लिहिलेला हवा. पूर्ण यादीत टिटवी नाही म्हणजे शोधूनही ती सापडली नाही, असा अर्थ निघतो. निवडक यादीत तो निघत नाही. थव्यासाठी आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते बघायचं आणि तेवढे तुकडे मोजत जायचं. दोघांनी एकमेकांना न सांगता आकडा लिहावा. फार फरक पडला तर पुन्हा मोजावं. दुर्बीण ८ × ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे.

अशा मोजणीतून काय हाती लागतं, ते आपल्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले आणि गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढलेले. पवनचक्क्या असलेली आणि नसलेली, अशा दोन्ही जागा मोजल्या होत्या म्हणूनच हे बोलता आलं.

सायकलीचं बोलू. माण-खटावात वेड्या बाभळीचा काटा सोडत नाही. पंक्चर काढल्यावर पाच मिनिटांत चाकातली हवा पुन्हा जाते, कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी येईल असं बसवा, म्हणजे ट्यूबचं भोक टायरवर कुठं येतं ते चटकन सापडतं. टायर आतून सुती फडक्यानं पुसा. धागा अडकेल तिथं काटा. सोल्यूशन लावल्यावर त्याची चमक जाईपर्यंत थांबा, मगच ठिगळ दाबा. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ उन्हात सुटतं. ओझं मागच्या चाकावर जास्त, त्यामुळं चाकाची तार तुटते ती बहुधा मागचीच, फ्रीव्हीलच्या (साखळी फिरते त्या दातेरी चक्राच्या) बाजूची. फ्रीव्हील काढल्याशिवाय ती बसत नाही, तेव्हा त्याचा पाना आणि चार तारा सोबत हव्यात. कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पावसात चिखलाची वाळू ब्रेकचे रबर झपाट्यानं खाते, ते रोज बघावेत.

दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटरच धरा. गाळप हंगामात कराड, पलूस, सांगली या बाजूला अंधारात निघूच नये. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं गेला, तरी मागची ट्रॉली झोला खात अंगावर येते.

निधी उभा करतानाही जातींचा आकडा बाजूलाच ठेवा. लोक दर जातीमागं पैसे कबूल करतात आणि मग कुटुंब यादी फुगवायला लागतं, पक्षी पुढं यावा म्हणून मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवतं. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून त्या आवाजाशी भांडत बसतो. त्याऐवजी दर पूर्ण यादीमागं पाच रुपये ठरवा. हजार याद्यांचे पाच हजार होतात. देणारे दहा मिळाले तर पन्नास हजार. यादी मात्र त्याच रात्री भरायची. सकाळी वीस टिटव्या होत्या की तीस, यावर चहा व्हायच्या आधीच घरात भांडण लागतं.