दोन टोपली मुरूम

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या उदगीर भागात लिंगायत समाज मोठा. आमच्यात माणूस लिंगैक्य झाला की दहन नाही, दफन. देह बसवून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेलपानांसह मातीत ठेवायचा. त्या जागेला आम्ही रुद्रभूमी म्हणतो. आमच्या रुद्रभूमीला लागूनच कब्रस्तान आहे, मध्ये फक्त तारेचं कुंपण. वडिलांच्या समाधीची निगा कशी राखायची, हे मला कुंपणापलीकडच्या मामूंनी शिकवलं. मामू कबरी खोदतात.

वडील गेल्यावर तीनच महिन्यांत मी ओटा बांधून घेतला. वर शहाबादी फरशी, तिच्यावर नाव आणि तारीख. मिस्त्री म्हणत होता, "गुरुजी, एक पावसाळा जाऊ द्या." मला वाटलं, गडी काम टाळतोय. मृगाचे दोन पाऊस झाले आणि ओटा एका अंगाला कलला.

उकरलेला खड्डा पुन्हा भरला तरी माती आत पोकळ राहते. पाणी मुरलं की ती बसते. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा मातीवर सिमेंटचा ओटा किती दिवस सरळ उभा राहणार? म्हणून पहिलं वर्ष नुसता उंचवटा ठेवावा. खचला की मुरूम टाकावा, पाणी मारून चोपावा. काळी माती मात्र टाकू नये.

दुसरी चूक याहून वाईट. पुण्यतिथीला फरशी चकाचक दिसावी म्हणून मी संडास धुवायचं अॅसिड ओतलं. पांढरा फेस आला. मला वाटलं, मळ निघतोय. मामू कुंपणाशी उभे होते. म्हणाले, "गुरुजी, दगड जाळलात की!" शहाबादी हा चुनखडीचा दगड. अॅसिड पडलं की तो विरघळतो, फेस येतो तो त्याचाच. संगमरवराचंही तसंच. कोरलेल्या अक्षरांच्या कडा गेल्या त्या गेल्या. साधं पाणी आणि नारळाची शेंडी, एवढंच पुरे होतं. शेवाळ असेल तर आधी भिजवून ठेवावं. तारेचा ब्रश नको.

गवताचंही सांगतो. बरेच जण उन्हाळ्यात काडी लावून मोकळे होतात. दगड काळा पडतो, तडकतो, शेजारचा कडुनिंबही होरपळतो. विळ्यानं कापावं. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावं, पण हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. आणि गवतात हात घालण्याआधी काठी आपटावी, इंचू-काटा असतो. फटीतून पिंपळ डोकावला तर लहान असतानाच काढावा. मुळं एकदा चिऱ्यांत शिरली की ओटाच उकलावा लागतो.

झाड लावायचं तर सदाफुली लावा, पाणी कमी लागतं. टँकरच्या दिवसांत समाधीवर गुलाब जगवायचा अट्टहास मला पटत नाही. मामूंच्या बाजूला सबजा लावतात. खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवरही छत नाही, माती आणि सबजाचं रोप. बादशहाबद्दल ज्याचं त्याचं मत असो, मी रोपाबद्दल बोलतोय.

शब-ए-बारातच्या रात्री पलीकडे माणसांची रीघ लागते. कबरी झाडलेल्या, गुलाबाच्या पाकळ्या, उदबत्त्या, फातिहा. ख्रिस्ती मंडळी 2 नोव्हेंबरला मेणबत्त्या लावतात. त्या दगडावर न लावता पणतीत किंवा वाळूच्या डब्यात लावाव्यात. मेण सांडलंच तर गार होऊ द्यावं आणि लाकडी पट्टीनं खरवडावं. हार कुणीही घाला, पण आठ दिवसांनी उचलायला या. फुलं कुजतात, दोरा आणि थर्माकोल तिथंच राहतो. प्लास्टिकच्या फुलांचा उन्हानं भुगा होतो आणि तो मातीतून वेचता येत नाही. मी वेचून पाहिलाय.

वडिलांच्या फरशीवरची तारीख आता डोळ्यांनी लागत नाही. नातीनं तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आबा, इथं पाच आहे का?" मी हो म्हटलं. दुसरी फरशी बसवा, असं धाकटा भाऊ म्हणतो. मी अजून काही ठरवलेलं नाही. पण यंदाही एक कोपरा खचलाय. मृगाच्या आधी दोन टोपली मुरूम टाकायचाय. मामूंनाही तेवढाच लागणार आहे, तेव्हा दोघांत एकच गाडी सांगितली आहे.

नमस्कार.