राग विचारू नका, रुग्णाला विचारा

अध्यक्ष महोदय, आणि एवढ्या उकाड्यात इथवर आलेल्या सगळ्या श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'संगीत, मेंदू आणि आजारातून उठणं'. त्याकडे वळतेच, पण आधी एक गाऱ्हाणं ऐका. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे त्यांना पुन्हा बोलतं करणं हे माझं रोजचं काम. आणि या कामात मला सगळ्यात जास्त त्रास कोण देत असेल, तर तो फोनवर फिरणारा तक्ता. रक्तदाबाला अमुक राग, मधुमेहाला तमुक, दम्याला पहाटेचा, निद्रानाशाला रात्रीचा. किती जणांकडे आलाय? हात वर करा बघू. पुढच्या रांगेतले हात खाली आहेत, कारण तिथं डॉक्टर मंडळी बसली आहेत. त्यांना पाठवायचं धाडस कुणाला झालेलं नाही!

हसू येतं, पण या तक्त्यापायी माणसांचे मोलाचे महिने जातात. पहिल्या काही महिन्यांत मेंदू सावरण्याची धडपड सगळ्यात जोरात करत असतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे कानाला हेडफोन लावून देतात आणि व्यायामाला सुट्टी देतात. 'मॅडम, राग चालू आहे ना!' असं मला सांगतात.

हे खूळ आपल्याकडेच आहे असंही नाही. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या ३६ मुलांना दहा मिनिटं मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची एक रचना ऐकवली. कागदाच्या घड्या मनात उलगडून बघण्याच्या एका चाचणीत ती थोडी सरस ठरली. परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटं. त्यावरून पाच वर्षांनी जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीत पुरवण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. आपल्याकडे पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी पूरिया राग गाऊन इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याला झोपवल्याची कथा मैफलींतून सांगितली जाते. मलाही ती आवडते. पण ती एका रात्रीची, एका माणसाची, आणि समोर बसून गाणाऱ्या एका थोर गवयाची गोष्ट आहे. तिच्यावरून उपचारपद्धती उभी राहत नाही.

आता एक रुग्ण सांगते. नाव सांगणार नाही. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, तोंडातून मात्र एकच शब्द निघायचा: 'हां हां'. ज्या रुग्णालयात होते, तिथं 'म्युझिक थेरपी' म्हणून दिवसभर स्पीकरवर बासरी लावलेली. हे गृहस्थ आयुष्यभर तमाशाच्या फडावर आणि भजनाच्या फडावर सारखेच रमलेले. बासरी सुरू झाली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. नर्सनी नोंद केली, 'रुग्ण संगीताला प्रतिसाद देत नाही.'

मी काकूंना विचारलं, 'काका घरी काय म्हणायचे?' त्या म्हणाल्या, 'अहो, गणपतीत आरतीला यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा.' म्हटलं, चला, म्हणा. काकूंनी लाजत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला काकांचे ओठ हलले, आणि तिसऱ्या ओळीला शब्द आले. अडखळत नाहीत, तुटत नाहीत, ठणठणीत शब्द! आरती संपली, मी विचारलं, 'काका, पाणी हवं?' उत्तर आलं, 'हां हां'. काकू रडायला लागल्या. मी मात्र खूश होते, कारण आता कुठून सुरुवात करायची ते कळलं होतं.

असं का होतं? पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली पॅरिसमध्ये एक रुग्ण तपासला. त्याला 'टॅन' एवढंच म्हणता यायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. बोलण्याची जुळवाजुळव बहुतेकांमध्ये तिथे होते. पण सुराचं काम मेंदूच्या दोन्ही बाजूंना वाटलेलं असतं, त्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा, आणि पाठ असलेले शब्द एकामागून एक आपोआप येतात. घाटात दरड कोसळली की आमचे काका गाडी जुन्या रस्त्याने वळसा घालून न्यायचे ना, तसाच हा वळसा. फक्त आरती म्हणता येणं आणि पाणी मागता येणं या दोन गोष्टी वेगळ्या. मधलं अंतर तोडायला उपचार लागतात.

ते असे. १९७३ साली बॉस्टनमध्ये एक पद्धत मांडली गेली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. दोनच सूर घ्यायचे. मी पंचम आणि शुद्ध गंधार घेते. ज्या अक्षरावर जोर, त्याला वरचा सूर. 'पा' पंचमावर, 'णी' गंधारावर. आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात धरून टेबलावर हलकेच थाप. डावाच का? उजवा बहुधा लुळा असतो, आणि डाव्याचा ताबा मेंदूच्या उजव्या बाजूकडे असतो. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मी मध्येच गप्प व्हायचं आणि त्यांनी पूर्ण करायचं, मग त्यांनी एकट्यानं, आणि शेवटी मी विचारायचं, 'काय हवं?' हळूहळू सूर सपाट करत नेला की उरतं ते साधं बोलणं. पाणी, मग पाणी दे, मग मला पाणी दे. काका 'चहा' म्हणायला शिकले त्या दिवशी त्यांनी तो चार वेळा मागितला, आणि काकूंनी चारही वेळा करून दिला.

या पद्धतीत नेमकं काम सूर करतो की लय, यावर अजून वाद आहे. २०११ साली जर्मनीत १७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लय आणि सवयीचे, पाठ झालेले शब्द जास्त उपयोगी ठरले, सुराची त्यात विशेष भर दिसली नाही. मला हे पटतं. म्हणून मी हाताच्या थापेवर जास्त भर देते. ज्यांना 'मला कुठं गाता येतं?' असं वाटतं, त्यांच्यासाठी ही चांगली बातमी आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! मुख्य विषय राहिलाच की. बरं, भरभर सांगते.

आवडत्या गाण्यानं अंगावर काटा येतो, तेव्हा मेंदूत स्ट्रायटम नावाच्या भागात डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे स्कॅनवर दाखवलं. गंमत म्हणजे आवडती जागा येण्याच्या आधीच, नुसत्या वाट पाहण्यानंही ते स्रवतं. सम येण्याआधी आपली मान हलायला लागते, ती उगाच नाही.

दुसरं, हेलसिंकी, २००८. पक्षाघाताच्या ६० रुग्णांचे तीन गट. एकानं रोज गाणी ऐकली, एकानं बोलकी पुस्तकं, एकानं काहीच नाही. गाण्याच्या गटाची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता जास्त सुधारली, मनही कमी खचलं. म्हणजे ऐकण्याचाही उपयोग होतो. पण त्या रुग्णांनी गाणी स्वतः निवडली होती आणि बाकीचे उपचार चालूच होते. हे तक्त्यात कुठं लिहिलंय?

तिसरं, पार्किन्सन, म्हणजे हात कापणं आणि हालचाली मंदावणं हा मेंदूचा आजार. पाऊल उचलायचा अंतर्गत ताल बिघडतो, दारात पाय जमिनीला चिकटतात. बाहेरून ठोका मिळाला की मेंदूला चालण्याची दुसरी वाट सापडते. १९९६ च्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या सरावानं चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. ठोका रुग्णाच्या सध्याच्या चालीनुसार लावायचा आणि मग किंचित वाढवायचा. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं साधन, फुकट मिळतो. पण पहिल्यांदा फिजिओथेरपिस्ट शेजारी हवाच, नाहीतर माणूस पडेल.

आणि हे विसरू नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, की गाणं नाही, गाडी काढायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी स्कॅनही व्हावा लागतो. घरात कुणाला पक्षाघात होऊन गेला असेल, तर उद्या सकाळी त्यांच्या डाव्या बाजूला बसा, त्यांना पाठ असलेलं काहीही सुरू करा, आणि दुसऱ्या ओळीला थांबा. पुढचं त्यांच्याकडून येतं का बघा, आणि जे दिसेल ते स्पीच थेरपिस्टला सांगा.

डिमेन्शियाबद्दल, म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल, बोलायचं राहिलंच. ते प्रश्नोत्तरांत विचारा, मी थांबणार आहे.